सोसणं एक, पोसणं दुसरं

उच्च दाबाच्या विजेचे पोलादी मनोरे गंजू नयेत म्हणून त्यांना जस्ताचा मुलामा दिलेला असतो. पावसाचं पाणी त्या मुलाम्यावरून ओघळतं आणि दरवेळी थोडंथोडं जस्त मातीत आणून सोडतं. ब्रिटनमध्ये अशा मनोऱ्यांखालचं गवत तपासलं गेलं आणि १९८८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मनोऱ्याच्या पायाशी वाढणारं गवत जस्ताच्या ज्या द्रावणात मुळं वाढवत होतं, त्याच द्रावणात जरा पलीकडून उपटून आणलेल्या त्याच जातीच्या गवताची मुळं खुंटत होती. मनोरे उभे राहून फार तर काही दशकं झाली होती. तेवढ्यात, एकेका मनोऱ्याच्या पायापुरत्या जागेत, गवताची वेगळी प्रजा घडली होती.

या कामामागच्या तिघांपैकी एक होते अँथनी ब्रॅडशॉ. वेल्समधल्या जुन्या शिशाच्या खाणीजवळचं गवत शिसं आणि जस्त सोसतं, अशी छोटीशी नोंद त्यांनी १९५२ सालीच प्रसिद्ध केली होती. पुढची बरीच वर्षं ते आणि त्यांचे विद्यार्थी खाणींच्या ओसाड ढिगाऱ्यांवर बी पेरत राहिले. साध्या गवताच्या हजारो बियांतली एखाददुसरीच तिथे तग धरायची, आणि तीच पुढे पसरायची. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचं काम, असं शाळेपासून डोक्यात बसलेल्या मला हे पहिल्यांदा वाचताना भलतंच आवडलं होतं. अजूनही आवडतं. वर्गात धातुसहिष्णुतेचा विषय निघाला की मी याच गवतापासून सुरुवात करते.

पण धान्यपिकांवर काम करायला लागल्यापासून या गोष्टीतला जयजयकार मला पूर्वीसारखा पचत नाही. गवताने सोसलं, उत्तम. सोसलेलं जस्त ठेवलं कुठे? मुळात अडवलं, पानात चढवलं की बियांपर्यंत पोचवलं? गवताच्या बाबतीत हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, कारण ते कुणाच्या ताटात येत नाही. पिकाच्या बाबतीत मात्र सगळा विषय याच प्रश्नापाशी येऊन थांबतो. झाडाची तब्येत आणि ते झाड खाणाऱ्याची तब्येत ही दोन वेगळी खाती आहेत. दोन्हींचा हिशोब दरवेळी जुळेलच असं नाही, आणि काही धातूंच्या बाबतीत तर तो नेमका उलटा बसतो.

धातू सोसण्याच्या तऱ्हाही एकसारख्या नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचं उदाहरण घ्या. पृथ्वीच्या कवचाच्या वजनात त्याचा वाटा आठ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे तो नाही अशी माती नाही. बहुतेक मातीत तो दगडासारखा निपचित पडून असतो. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) पाचच्या खाली गेला की विरघळतो आणि मुळाच्या टोकावर घाला घालतो. टोक म्हणजे अगदी टोकच; मक्याच्या मुळाचे शेवटचे दोनतीन मिलिमीटर. तेवढा भाग अ‍ॅल्युमिनियमच्या तावडीत सापडला की मूळ काही तासांत वाढायचं थांबतं. हेमॅटॉक्सिलिन नावाच्या रंगात अशी मुळं बुडवली तर टोकं जांभळी होतात आणि सहनशील वाणाची टोकं जवळपास पांढरीच राहतात. सहनशील गहू तिथे मॅलिक आम्ल बाहेर सोडतो, ते अ‍ॅल्युमिनियमला मुळाबाहेरच बांधून टाकतं. हे आम्ल बाहेर सोडणारं प्रथिन आणि त्याचं जनुक २००४ साली गव्हात सापडलं. ज्वारी याच कामासाठी सायट्रिक आम्ल वापरते, कुट्टू ऑक्झॅलिक. गव्हाज्वारीत धातू आत येण्याआधीच प्रकरण मिटतं, त्यामुळे खाणाऱ्यालाही त्याची झळ लागत नाही. असे सरळ शेवट या विषयात थोडेच आहेत.

दुसऱ्या टोकाला न्यू कॅलेडोनिया बेटावरचं पिक्नान्ड्रा अक्युमिनाटा हे झाड. त्याचा चीक निळसर हिरवा असतो आणि तो वाळवला तर त्याच्या वजनाचा सुमारे चौथा भाग निकेल भरतो. अशा धातुसंचयी झाडांचा शोध घेणारे लोक एक सोपी युक्ती वापरतात: डायमिथिलग्लायॉक्झाइम या रसायनाने भिजवलेल्या पांढऱ्या कागदावर पान दाबायचं. कागद गुलाबी झाला तर पानात निकेल ठासून भरलेलं आहे असं समजायचं. पान दिसायला टवटवीतच असतं. पुष्कळ अभ्यासकांचं मत असं, की पानं खाणाऱ्या किड्यांना हा साठा बाधतो आणि झाडाचा बचाव होतो. म्हणजे इथे झाडाचं भलं खाणाऱ्याच्या वाइटातच आहे.

पिकं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात, आणि त्यांची अडचण लोहापासून सुरू होते. मातीत लोह मुबलक असतं, मातीचा लालपिवळा रंगच मुळी त्याचा. पण हवेच्या सान्निध्यात ते गंजाच्या रूपात असतं आणि चुनखडीच्या जमिनीत तर ते पाण्यात उतरतच नाही. मग पिकावर केवडा पडतो: कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. अशा पानांवर लोहाच्या क्षाराचं द्रावण लावलं की हिरवा रंग परततो, हे फ्रान्समध्ये युसेब ग्रीस यांनी १८४०च्या दशकातच दाखवून दिलं होतं.

भुकेलेलं मूळ मात्र गप्प बसत नाही. हे दाखवायला मी काकडीची रोपं वापरते. लोहाविना वाढवलेल्या रोपाची मुळं अगार या जेलीसारख्या पदार्थाच्या पारदर्शक थरावर पसरायची. अगारमध्ये गंजरूपातलं लोह आणि विरघळलेल्या लोहाशी रंग धरणारं फेरोझीन नावाचं रसायन मिसळलेलं असतं. सुरुवातीला थर जवळपास रंगहीन दिसतो. थोड्या वेळाने मुळांच्या कडेने गुलाबीसर जांभळ्या रेषा उमटायला लागतात, आधी टोकांशी, मग बारीक मुळांच्या झुबक्यांशी, आणि बघता बघता मुळांचा नकाशाच अगारवर उठतो. मूळ आपल्या पृष्ठभागावर लोहाचं रूप बदलून ते विरघळवतं आहे, हे इतकं उघड दिसतं की विद्यार्थी नोंदी घ्यायचं विसरतात. शेजारच्या भरल्या पोटाच्या रोपाचा अगार फिकाच राहतो. गवतवर्गातली पिकं, म्हणजे गहू, सातू, भात, यांची रीत वेगळी. ती म्युजिनिक आम्लाच्या जातीची रसायनं मातीत सोडतात आणि लोहाला बांधून आत ओढतात. सातू हे काम दिवसभर करत नाही. उजाडल्यानंतर काही तासांत एकदा जोरात सोडतो आणि मग हात आखडता घेतो.

आता विरघळलेलं लोह आत घ्यायला दार हवं. हे दार म्हणजे पेशीच्या आवरणातलं एक प्रथिन, आयआरटी १. त्याचं जनुक १९९६ साली सापडलं आणि ते यीस्टच्या मदतीने सापडलं. लोह आत घेता न येणाऱ्या यीस्टला वनस्पतीची एकेक जनुकं देऊन पाहिली. ज्या जनुकामुळे ते जगलं, ते हे. लगेचच लक्षात आलं की या दारातून फक्त लोह येत नाही. जस्त येतं, मँगनीज येतं, कोबाल्ट येतं आणि कॅडमियमही येतं. लोहाची भूक लागली की रोप अशी दारं वाढवतं, आणि ज्याची गरज नाही ते नेमकं तेव्हा घुसतं.

दाराला कॅडमियम ओळखता येत नाही, कारण रासायनिकदृष्ट्या ते जस्ताचं जुळं भावंडच. खनिजात दोघं एकत्र, नदीत एकत्र, मुळातही एकत्र. कॅडमियम पेशीत आल्यावर रोप त्याला मोकाट सोडत नाही, हेही खरं. पेशीतल्याच ग्लुटाथायोन या रेणूपासून बनणाऱ्या फायटोकेलॅटिन नावाच्या छोट्या साखळ्या त्याला पकडतात आणि पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, नेऊन बंद करतात. जर्मनीतल्या संशोधकांनी १९८५ साली या साखळ्यांचं वर्णन केलं. झाडापुरता बंदोबस्त चोख आहे. गोची अशी, की या बंदोबस्तामुळेच रोप आजारी दिसत नाही.

अमेरिकेतले मृदाशास्त्रज्ञ रूफस चेनी यांनी ही गोष्ट फार नेमकेपणाने मांडली. माती आणि खाणारा यांच्यामध्ये पीक हा एक बांध असतो, असं त्यांचं म्हणणं. जस्त, तांबं, निकेल मातीत अति झालं तर पीक आधी स्वतः पिवळं पडतं, खुरटतं, मरतं. खाणाऱ्याला अपाय होण्याइतका धातू त्यात साठायच्या आतच शेत उजाड दिसतं. शिसं बहुतांशी मातीला आणि मुळांना चिकटून राहतं, दाण्यापर्यंत फारसं पोचत नाही. कॅडमियमपुढे मात्र हा बांध उपयोगाचा नाही. ज्या पातळीवर ते वर्षानुवर्षं खाणाऱ्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतं, त्या पातळीला पीक हिरवंगार, उताराही ठीक. शेतकऱ्याने बांधावर उभं राहून पाहिलं तर त्याला काय कळणार? मलाही कळत नाही. ते यंत्रावर आकडा आला की कळतं.

जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीकाठी हेच घडलं. वरच्या अंगाला कामिओकाची जस्ताची खाण, खाली त्या नदीच्या पाण्यावर पिकणारं भात. खाणीतलं कॅडमियम शेतात उतरत गेलं. लोकांना इताई-इताई हा आजार जडला: हाडं मऊ पडायची, साध्या हालचालीने मोडायची, मूत्रपिंडं कामातून जायची. रुग्णांत बहुतेक स्त्रिया होत्या, वय उतरलेल्या, बऱ्याच बाळंतपणांतून गेलेल्या. १९६८ साली जपान सरकारने कॅडमियमला कारण ठरवून हा प्रदूषणाचा आजार असल्याचं मान्य केलं.

स्त्रियाच का, याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक मला फार अस्वस्थ करतं. माणसाच्या आतड्यात अन्नातलं लोह शोषणारं जे प्रथिन आहे, डीएमटी १, ते कॅडमियमही आत घेतं. शरीरात लोह कमी असेल तर त्याचं प्रमाण वाढतं, आणि लोह कमी असलेल्या माणसात कॅडमियम जास्त शोषलं जातं. भाताच्या मुळात कॅडमियमला आत घेणारं मुख्य प्रथिन, ओएसनॅम्प ५, हे याच कुळातलं. मातीतून मुळात आणि अन्नातून रक्तात, दोन्ही उंबरठ्यांवर एकाच घराण्याचे पहारेकरी, आणि दोघांचा गोंधळही तोच.

भाताचं प्रकरण इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण भात पाण्यात उभा असतो आणि पाण्याखाली मातीचं रसायन पालटतं. खाचरात पाणी तुंबलं की मातीतला ऑक्सिजन संपतो. गंधकाची रूपं बदलतात, कॅडमियम सल्फाइड होऊन बसतं आणि मुळाच्या हाती लागत नाही. झकास. म्हणूनच लोंबी बाहेर पडण्याच्या आगेमागे खाचरात पाणी राखा, असा सल्ला जपानमध्ये कॅडमियमग्रस्त भागातल्या शेतकऱ्यांना दिला गेला. पण त्याच पाण्याखाली गंज विरघळतो, गंजाला चिकटलेलं आर्सेनिक सुटं होतं आणि आर्सेनाइटच्या रूपात मुळाशी येऊन उभं राहतं. पाणी काढून जमीन सुकवली तर आर्सेनिक पुन्हा बांधलं जातं, आणि सल्फाइड मोडून कॅडमियम मोकळं होतं. एक दाबावं तर दुसरं वर येतं. आर्सेनिकयुक्त भूजलावर भात पिकवणाऱ्या बांगलादेशात पाणी तोडणं हा उपाय ठरतो आणि कॅडमियमच्या जमिनीत तोच अपाय. दोन्ही असलेल्या शेताला काय सांगायचं, यावर बैठकांमध्ये तासन्‌तास चर्चा होते. मधला काळ पकडा, पाणी कधी तोडायचं ते नेमकं ठरवा, असं आम्ही सांगतो. पाऊस आपलं वेळापत्रक पाळणार नाही हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं.

आर्सेनाइट शिरतं ते सिलिकॉनच्या वाटेने. भाताला सिलिकॉन भरपूर लागतं. वाळलेल्या रोपाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत ते असू शकतं. त्यानेच खोड ताठ राहतं, पीक लोळत नाही, करप्यासारख्या रोगांना दाद देत नाही. जपानमधले जियान फेंग मा आणि सहकाऱ्यांनी २००६ साली भाताच्या मुळातलं सिलिकॉनचं दार शोधलं, एलएसआय १, आणि दोन वर्षांनी आर्सेनाइटही तिथूनच येतं हे दाखवलं. दार बंद केलं तर आर्सेनिक कमी होईल, भातही आडवा होईल.

म्हणून मला पोषण आणि सहिष्णुता या दोन विषयांचे वेगळे विभाग, वेगळ्या परिषदा, वेगळी नियतकालिकं पाहिली की नवल वाटतं. रोपाच्या दृष्टीने तो एकच धंदा आहे. ऑस्ट्रेलियात जस्ताची कमतरता असलेल्या जमिनीत गव्हाला जस्त दिलं तर दाण्यातलं कॅडमियम उतरलं. भरपूर जस्त असताना त्याच्या जुळ्याला शिरकाव कमी मिळतो.

जस्ताच्या भुकेची ओळख पटायलाही वेळ लागला. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत भाताच्या पानांवर तांबूस डाग पडत आणि रोपं बसत. त्याला खैरा म्हणत आणि हा रोग समजला जाई. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ साली दाखवलं की इथे ना बुरशी, ना जिवाणू. हा खैरा म्हणजे जस्ताची उपासमार. ते स्वतः रोगशास्त्रज्ञ होते. आपल्याच शास्त्राच्या कक्षेबाहेरचं उत्तर असं मोकळेपणाने मान्य करणारी माणसं मला भारी वाटतात. पुढे तुर्कस्तानात मध्य अनातोलियाच्या चुनखडीच्या पठारावर इस्माईल चाकमाक आणि सहकाऱ्यांनी गव्हाला जस्त देऊन उत्पादन कुठल्या कुठे नेलं, आणि दाणा भरताना पानांवर फवारलेलं जस्त दाण्यातही उतरतं हे दाखवलं. त्याआधी, १९६१ साली, इराणमध्ये डॉ. आनंद प्रसाद आणि सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेल्या, वयात न आलेल्या तरुणांचं वर्णन केलं होतं. ते जवळजवळ पूर्णपणे पोळीसारख्या भाकरीवर जगत. या अवस्थेत जस्ताच्या अभावाचा हात आहे हे पुढे स्पष्ट झालं. धान्यात जस्त असलं तरी धान्यातलंच फायटिक आम्ल त्याला आवळून धरतं आणि आतडं ते पुरतं सोडवून घेऊ शकत नाही.

जस्त मोजण्याचं काम, जाता जाता सांगते, स्वभावाची परीक्षा पाहतं. दाण्यातलं प्रमाण किलोला वीस-चाळीस मिलिग्रॅम, आणि रबराच्या बुचात, पावडर लावलेल्या हातमोज्यांत, धुळीत जस्तच जस्त. काचेचं प्रत्येक भांडं रात्रभर आम्लात बुडवून ठेवावं लागतं. आमच्याकडे नव्या मुलांना आधी भांडी घासायलाच बसवतात, आणि ती रुसतात.

हिरवेपणावर भाळू नये याचा गव्हातला पुरावा २००६ सालचा. जंगली एमर गव्हात एनएएम-बी १ नावाचं जनुक चालू असतं. आपल्या बहुतेक लागवडीच्या गव्हात ते बंद पडलेलं आहे. हे जनुक पानांना लवकर म्हातारं करतं, आणि पान मरताना आपलं नत्र, लोह, जस्त काढून दाण्याकडे धाडतं. संशोधकांनी या जनुकाची आणि त्याच्या भाऊबंदांची क्रिया दाबली तेव्हा गव्हाची पानं तीन आठवड्यांहून जास्त काळ हिरवी राहिली आणि दाण्यातली प्रथिनं, जस्त, लोह ३० टक्क्यांहून अधिक घटली. शेतात उभं राहून कुणालाही विचारलं असतं, तर त्याने हिरव्या प्लॉटलाच जास्त गुण दिले असते.

कॅडमियमवर जपानी शास्त्रज्ञांनी २०१२ साली सरळ घाव घातला. कोशिहिकारी या त्यांच्या लाडक्या भाताच्या बियाण्यावर कार्बनच्या आयनांचा मारा केला आणि ओएसनॅम्प ५ बिघडलेली रोपं निवडली. दाण्यात कॅडमियम जवळपास शून्य. पण ते दार मुळात मँगनीजसाठी होतं. खाचराच्या पाण्याखाली मँगनीज भरपूर विरघळतं, तिथे ही रोपं निभावून नेतात. जिथे ते कमी, तिथे त्यांची उपासमार होते.

दार मोडण्यावाचून इलाज नाही असं मग मीही धरून चालले होते. २०२२ साली वेगळीच बातमी आली. केरळच्या खाऱ्या खाजणांत पिकणारा पोक्काळी हा पारंपरिक भात दाण्यात कॅडमियम कमी ठेवतो, हे मा यांच्याच गटाने शोधलं, आणि कारण पाहिलं तर पोक्काळीत ओएसनॅम्प ५ मोडलेलं नव्हतं, एकाला एक लागून दोनदा होतं. दार दुप्पट, त्यामुळे मुळाच्या पेशींत मँगनीज जास्त येतं, कॅडमियमही जास्त येतं. पण तिथून जलवाहिनीत चढताना दोघांत चढाओढ होते, मँगनीज वरचढ ठरतं आणि कॅडमियम मुळातच अडकून पडतं. हे दुहेरी जनुक संकराने कोशिहिकारीत आणलं तेव्हा कॅडमियमच्या जमिनीतही दाण्यातलं प्रमाण घटलं, आणि उतारा किंवा दाण्याची प्रत बिघडली नाही. आता आमच्या गटातली एक मुलगी गव्हाच्या जुन्या देशी वाणांत अशी जोडजनुकं आहेत का ते तपासते आहे. तिच्या भांड्यांना जागा हवी म्हणून आम्लाची टाकी मोठी घ्यावी लागणार, आणि ती ठेवायची कुठे यावर सध्या वाद चालू आहे.